कृत्रिम हात-पाय: लिंब सेंटरच्या बाकावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा डावा पाय गुडघ्याखाली कापला, त्याला आता बारा वर्षं झाली. हायवेवर ट्रकने स्कूटरला धडक दिली आणि पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की पाय वाचत नाही. मी शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एका लिंब सेंटरच्या, म्हणजे कृत्रिम हात-पाय बनवून देणाऱ्या केंद्राच्या, बाकावर जाऊन बसते. तिथे नुकताच पाय किंवा हात गमावलेली माणसं असतात, सोबत कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाचा मुलगा. डॉक्टरांना विचारायला जीभ रेटत नाही ते प्रश्न ही मंडळी मला विचारतात, "ताई, एक विचारू का?" म्हणून. तेच प्रश्न इथे लिहून काढले आहेत. मी डॉक्टर नाही. जखम, औषधं आणि साखर यांबाबत तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

सगळ्यात चांगला पाय कोणता?

पहिला प्रश्न हाच असतो, आणि बहुतेक वेळा सोबत मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ असतो: चकचकीत काळा पाय लावलेला माणूस भराभर जिना उतरतोय. माझं उत्तर ऐकून माणसं जरा हिरमुसतात. पाऊल कुठल्या कंपनीचं, गुडघा किती लाखांचा, हे सगळं नंतर. आधी सॉकेट.

कापल्यावर उरलेल्या भागाला सेंटरमध्ये सगळे स्टंप म्हणतात. तो स्टंप ज्या खोलगट भांड्यात जातो ते सॉकेट. प्रत्येक पावलाला तुमचं सगळं वजन स्टंपच्या कातडीवरून सॉकेटमध्ये आणि तिथून जमिनीत उतरतं. नडगीवरची कातडी तळपायासारखी जाड नसते, वजन पेलायची तिला सवयच नसते. सॉकेट एखाद्या जागी थोडं जास्त दाबलं तरी तिथे फोड येतो. फोड आला की पाय काढून ठेवावा लागतो, आणि मग तो काही लाखांचा असला काय नि काही हजारांचा असला काय, कोपऱ्यात उभा राहतो.

माझा पहिला पाय असाच आठ महिने कोपऱ्यात उभा होता. आईच्या पाटल्या मोडून घेतला होता, पाऊल कार्बनचं होतं. माप एकदाच घेतलं, तयार पाय हातात दिला आणि दुखतंय म्हटल्यावर "सवय होईल" असं सांगितलं. मी सवय व्हायची वाट बघत राहिले आणि रोज रात्री आई कापसाने रक्त पुसत राहिली. पुढे दुसऱ्या सेंटरमध्ये साधं पाऊल आणि नीट बसलेलं सॉकेट मिळालं, आणि तिसऱ्या आठवड्यात मी फळ्यासमोर उभी होते.

तेव्हा पायाच्या आधी पाय बनवणारा माणूस निवडा. त्याला प्रोस्थेटिस्ट म्हणतात आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी विचारायला लाजू नका. सॉकेट नीट बसेपर्यंत ते कितीदा दुरुस्त करून देणार, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

कापल्यावर किती दिवसांनी कृत्रिम पाय बसवतात?

टाके निघून जखम पूर्ण भरली की. साधारण सहा ते आठ आठवडे धरा, मधुमेह असेल तर जास्तच. पण पहिला पाय कायमचा नसतो. सूज उतरते, काम नसलेले स्नायू आक्रसतात, आणि वर्षभर तरी स्टंप बारीक होत जातो. पहिल्या वर्षात सॉकेट बदलावं लागलं तर कुणी फसवलं असं समजू नका, ते व्हायचंच असतं. म्हणून सगळी पुंजी पहिल्याच पायावर घालू नका. पहिला साधा घ्या, त्यावर चालायला शिका. स्टंपचा आकार स्थिरावला आणि आपण दिवसाकाठी किती नि कुठे चालतो हे कळलं, की मग खर्चाचं ठरवा.

तोपर्यंत घरी काय करायचं?

गुडघ्याखाली उशी ठेवू नका. घरची माणसं मायेपोटी उशी देतात, बरंही वाटतं, आणि महिन्याभरात गुडघा वाकलेलाच राहतो. वाकलेल्या गुडघ्याला चांगला पाय बसवणं कठीण असतं. मांडीतून कापलं असेल तर हाच धोका खुब्याला. त्यासाठी डॉक्टरांच्या संमतीने दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ पालथं झोपायचं. दिवसभर खुर्चीत बसून राहणं सगळ्यात वाईट.

क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, टोकाकडे घट्ट आणि वर सैल, असं बांधायला शिकून घ्या. गोल गोल गुंडाळलं तर मधेच करकोचा पडतो आणि टोकाला सूज साठते. जखम भरल्यावर स्टंपला हात लावा, चोळा, टॉवेलने हलकेच घासा. कित्येकांना महिना-महिना तिकडे बघवत नाही. मलाही बघवत नव्हतं. पण त्या कातडीला स्पर्शाची ओळख झाली नाही तर सॉकेट सोसत नाही.

सॉकेट बनतं कसं? आणि नीट बसलं हे कसं ओळखायचं?

स्टंपवर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतात. पट्ट्या वाळायच्या आत प्रोस्थेटिस्ट गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे रुतवून धरतो, कारण तिथला स्नायूचा दोर (टेंडन) जोर सोसू शकतो. साच्यात प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिकृती काढतात, ती कानशीने घासतात. जिथे वजन द्यायचं तिथे खरवडतात, जिथे हाड कातडीलगत आहे तिथे प्लास्टर चढवतात. खरं कसब इथे आहे. त्यावर तापवलेलं प्लास्टिक किंवा राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड चढवून सॉकेट होतं. हल्ली काही ठिकाणी स्कॅनर फिरवून माप घेतात आणि घासायचं काम संगणकावर करतात. वेळ वाचतो, मापं जपून ठेवता येतात. पण कुठे घासायचं हे संगणकालाही माणूसच सांगतो.

जमेल तिथे आधी पारदर्शक प्लास्टिकचं चाचणी सॉकेट मागा. त्यात उभं राहिलं की कातडी कुठे पांढरी पडते ते बाहेरून दिसतं.

आत बहुतेक वेळा सिलिकॉनचा किंवा जेलचा मोजा असतो, त्याला लायनर म्हणतात. काही लायनरच्या टोकाला खिळा असतो, तो सॉकेटच्या तळाशी टकटक आवाज करत अडकतो. काहींत हवा काढून पाय धरून ठेवतात. स्टंप दिवसभरात बारीक होतो, म्हणून संध्याकाळी सैल वाटलं तर वरून सुती मोजा चढवायचा. माझ्या पर्समध्ये असे दोन मोजे कायम असतात.

आता ओळख. सुरुवातीला तासभर घालून पाय काढा आणि कातडी बघा. लाली आली आणि दहा मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर त्या जागी पेनाने खूण करा आणि तसेच सेंटरला जा. चालताना पाय खाली सरकतो, टोकाला ठणकतं, कंबर एका बाजूला उचलली जाते, यातलं काही असेल तर दुरुस्ती हवी. "सवय होईल" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

जयपूर फूट आता जुना झाला का?

नाही. १९६०च्या दशकाच्या शेवटी जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. त्याआधी आपल्याकडे मिळणारं पाऊल परदेशी धाटणीचं, बुटात घालायचं. ते घालून अनवाणी देवळात जाता येत नव्हतं, उकिडवं बसता येत नव्हतं, चिखलात उतरता येत नव्हतं. शर्मांनी लाकूड आणि स्पंजरबर यांचे ठोकळे जोडून त्यावर टायरसारखं रबर भाजून चढवलं, आणि मुडपणारं, बाजूला वळणारं, पाण्याला न घाबरणारं पाऊल तयार झालं. ते बुटाशिवायही पाऊलच दिसतं. शर्मांचं औपचारिक शिक्षण फारसं नव्हतं. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव त्या मानाने कमी घेतलं जातं, म्हणून मी ते आधी घेते.

१९७५ साली डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापली. तेव्हापासून हा पाय मोफत मिळतो. मुंबईत वाढलेल्या नर्तकी सुधा चंद्रन याच पायावर १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या.

उणिवा सांगायलाच हव्यात. कार्बनच्या मानाने तो जड आहे आणि पाऊल उचलताना मागून रेटा देत नाही. शिबिरात एका दिवसात माप घेऊन पाय बसवतात. लांबून आलेल्या गरीब माणसाला याचा मोठा आधार, पण महिन्याभराने दुखलं तर दाखवायचं कुणाला? शिबिराला जाताना पुढची दुरुस्ती जवळ कुठे होईल ते विचारून ठेवा.

मांडीतून कापलं आहे. संगणकाचा गुडघा घ्यावा का?

गुडघा गेला की गोष्ट बरीच बदलते. गुडघ्याखाली कापलेल्या माणसाला चालायला साधारण पावपट जास्त शक्ती लागते. मांडीतून कापलं तर एरवीच्या दीडपटीहूनही जास्त. शिवाय भीती असते ती गुडघा अचानक वाकून पडण्याची.

साध्या गुडघ्यात कुलूप असतं: चालताना ताठ, बसताना खटका ओढून वाकवायचा. त्यापुढचा चार दांड्यांचा गुडघा वजन पडलं की आपोआप स्थिर राहतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या समितीबरोबर याच धर्तीचा नायलॉनचा स्वस्त गुडघा बनवला, आणि २००९ मध्ये टाइम साप्ताहिकाने त्या वर्षीच्या ५० उत्तम शोधांत त्याची गणना केली. आयआयटी मद्रासने २०२२ मध्ये आणलेला 'कदम'ही याच जातीचा.

संगणकाच्या गुडघ्याची सुरुवात जर्मनीच्या ऑटोबॉक कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या सी-लेगपासून धरतात. त्यातले सेन्सर गुडघ्याचा कोन आणि पायावरचा भार सेकंदाला पन्नास वेळा मोजत, आताचे त्याहून जलद मोजतात. त्यानुसार आतल्या तेलाची वाट कमी-जास्त उघडते. ठेच लागली तर गुडघा क्षणात घट्ट होतो. उतारावर किंवा जिन्यावर तो हळूहळू दबत उतरू देतो. एक गैरसमज सगळ्यांनाच असतो: हा गुडघा तुम्हाला ढकलत नाही. तो फक्त आवरतो. मोटर लावून उचलणारे गुडघे वेगळे, ते जड आणि फार महाग. दोन्हींना चार्जिंग लागतं, गावात वीज किती तास असते ते धरून विचार करा.

घ्यावा का? तुम्ही रोज घराबाहेर पडत असाल, गर्दीतून, खडबडीत रस्त्याने चालत असाल आणि पडण्याची भीती काम करू देत नसेल, तर हो, हा पैसा सार्थकी लागतो. घरातल्या घरात वावर असेल तर नको. आयात गुडघ्यांची किंमत १० ते ६० लाख रुपये असल्याचं इस्रोने २०२२ मध्ये स्वतःचा गुडघा जाहीर करताना सांगितलं होतं, आणि आपला चार-पाच लाखांत बसवायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. अशा कामाची मी फार आतुरतेने वाट बघते.

धावपटूंसारखी ब्लेड रोज वापरता येईल?

नाही. कार्बनची ती वाकडी पट्टी धावण्यासाठीच असते. तिला टाच नसते, तिच्यावर स्वस्थ उभं राहणंही अवघड. अमेरिकेतल्या व्हॅन फिलिप्स यांचा पाय १९७६ मध्ये पाण्यावरच्या स्कीइंगच्या अपघातात गेला. मिळालेल्या पायावर समाधान न मानता त्यांनी कार्बनचं वाकणारं पाऊल तयार केलं, दबलं की ताकद साठवणारं आणि सुटलं की परत देणारं. रोजच्या वापराची कार्बनची पावलं त्याच कल्पनेतून आली. ती हलकी असतात आणि लांब चालणाऱ्याला फरक जाणवतो. डीआरडीओ आणि बीबीनगरचं एम्स यांनी २०२५ मध्ये असं देशी पाऊल पुढे आणलं आहे.

आणि हो, सुमित अंतिल. २०१५ च्या रस्ता अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला, आणि टोकियोत आणि पॅरिसमध्ये पॅरालिंपिकचं भालाफेकीचं सुवर्ण. पॅरिसचा भाला ७०.५९ मीटरवर पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि माझे विद्यार्थी वर्गात किती ओरडलो ते मुख्याध्यापकांना विचारा.

हात गेला आहे. विचाराने चालणारा हात खरंच मिळतो?

हाताच्या बाबतीत जाहिराती जास्त भुलवतात, म्हणून नीट सांगते.

हात तीन प्रकारचे. एक, केवळ दिसण्यासाठी असलेला सिलिकॉनचा. त्याला कमी लेखू नका. लग्नकार्यात, बसमध्ये लोकांच्या नजरा चुकवायच्या असतात आणि तीही गरजच आहे. दुसरा, खांद्यावरच्या पट्ट्याने आणि वायरने चालणारा: खांदा पुढे केला की आकडा किंवा पंजा उघडतो. दिसायला ओबडधोबड, पण दणकट, आणि वायरच्या ताणावरून पकड किती घट्ट आहे ते समजतं. शेतात, वर्कशॉपमध्ये काम करणारे बरेच जण शेवटी याच्याकडेच परत येतात.

तिसरा मायोइलेक्ट्रिक, ज्याला लोक बायोनिक म्हणतात. मनगट वर-खाली करायचा विचार केला की कोपराखालचे उरलेले स्नायू आवळतात. आवळताना त्यांत अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते. सॉकेटमधले सेन्सर ती टिपतात आणि मोटर पंजा उघडते, मिटते. म्हणजे तो विचाराने नव्हे, स्नायूंनी चालतो, आणि त्या स्नायूंना कित्येक आठवडे शिकवावं लागतं. प्रत्येक बोटाला वेगळी मोटर असलेला आय-लिंब हा हात २००७ मध्ये स्कॉटलंडमधून बाजारात आला. आज असे अनेक आहेत, पण किंमत लाखांत, वजन सगळं स्टंपवर, पाण्याचं बहुतेकांना वावडं, आणि स्पर्श नाही. काचेचा पेला किती जोरात धरलाय हे डोळ्यांनी बघावं लागतं. म्हणून कित्येक महागडे हात कपाटात पडून असतात. घेण्याआधी किमान काही दिवस वापरून बघायला मागा.

खांद्याजवळून हात गेला तर संदेश द्यायला स्नायूच उरत नाहीत. शिकागोच्या डॉ. टॉड क्युकेन यांनी त्यावर वाट काढली: हाताकडे जाणारे मज्जातंतू छातीच्या स्नायूंत नेऊन जोडायचे. मूठ मिटायचा विचार केला की छातीचा स्नायू हलतो आणि सेन्सर तो टिपतो. मला हे वाचून रात्रभर झोप आली नव्हती.

कोपराखाली पुरेसा हात उरला असेल आणि पैसे नसतील, तर रोटरी क्लबच्या शिबिरांतून मिळणारा एलएन-४ हा प्लास्टिकचा हात मोफत असतो. दुसऱ्या हाताने त्याची बोटं बसवायची आणि मग त्यात चमचा, पेन, सायकलचं हँडल धरायचं. साधा आहे, पण उपयोगी आहे.

हाताचं प्रत्यारोपणही भारतात होतं, पहिलं २०१५ मध्ये कोचीत झालं. त्यानंतर जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. तो निर्णय वेगळ्याच तोलाचा.

थ्री-डी प्रिंटरवर स्वस्तात हात-पाय निघतात म्हणे?

लहान मुलांचे हलके हात निघतात, आणि मूल दरवर्षी वाढत असल्याने ते सोयीचंही आहे. पायाचं मात्र तसं नाही. पायावर रोज हजारो वेळा पूर्ण वजन पडतं, त्यामुळे घरगुती प्रिंटरवरच्या पायावर उभं राहायची जोखीम घेऊ नका.

हाडातच रॉड बसवतात, मग सॉकेट लागत नाही, हे खरं का?

खरं आहे. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या पर-इंगव्हार ब्रोनेमार्क यांनी शोधलं. दातांच्या इम्प्लांटचा पाया तोच. त्यांचे पुत्र रिकार्ड यांनी ही कल्पना मांडीच्या हाडापर्यंत नेली, पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये झाली. हाडातला दांडा कातडीतून बाहेर येतो आणि पाय थेट त्याला जोडतात. घाम, फोड, सैलपणा काही नाही, आणि पायाखाली फरशी आहे की माती हे हाडातून कळतं असं वापरणारे सांगतात. पण कातडीतली ती वाट कायम उघडी राहते आणि तिथून जंतूंचा शिरकाव होऊ शकतो. आपल्या दमट पावसाळ्यात याचा विचार हवाच. सॉकेट कुठल्याच प्रकारे सोसत नसेल, तरच याबद्दल तज्ज्ञांशी बोला.

पाय नाही, तरी अंगठा दुखतो. मला वेड लागतंय का?

नाही. हा प्रश्न लोक माझ्या कानाशी येऊन विचारतात, म्हणून मोठ्याने सांगते: हे बहुतेकांना होतं. पाय गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा तसाच असतो. मला पहिलं वर्षभर डाव्या पायाची करंगळी कुणी पिरगाळतंय असं वाटायचं, तेही रात्री दोनला. मी आईलाही सांगितलं नव्हतं.

उपाय आहेत. मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधं डॉक्टर देतात. स्टंप चोळणं, बँडेज, आणि कृत्रिम पाय नियमित घालणं यानेही कमी होतं. आरशाचा उपाय डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात पुढे आणला: दोन पायांच्या मधे आरसा उभा धरायचा, चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसतं, आणि चांगला पाय सावकाश हलवायचा. मेंदूला आवळलेली बोटं सुटताना दिसतात. सगळ्यांना लागू पडत नाही. मला पडला. कपाटाचा जुना आरसा होता, खर्च शून्य.

मांडी घालून बसता येईल? शेतात, पावसात जमेल?

गुडघ्याखाली कापलं असेल तर बसता येतं, थोडं अवघडत. लायनर गुडघ्यामागे गोळा होतो. मी पंगतीत पाय काढून बाजूला ठेवते आणि सुखाने जेवते. मांडीतून कापलं असेल तर सॉकेट आणि गुडघा यांच्यामध्ये रोटेटर बसवून घ्या. खटका दाबला की खालचा पाय फिरतो आणि मांडी घालता येते. भारतीय शौचालयासाठी गुडघा किती अंश वाकतो ते विकत घेण्याआधीच विचारा, शिवाय भिंतीला धरायला दांडी ठोकून घ्या.

भातलावणीला कार्बनचं पाऊल आणि स्पंजचं आवरण नेऊ नका. सांध्यांत चिखल जातो, आवरण पाणी धरतं, स्क्रू गंजतात. शेतकऱ्यांना मी रबरी पावलाचा दुसरा, साधा पाय ठेवायला सांगते. मे महिन्यात लायनरमध्ये अक्षरशः पाणी साचतं. दुपारी एकदा काढा, पुसा, स्टंप कोरडा करा. रात्री लायनर सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा.

बाबांचं वय सत्तर, शुगरमुळे पाय कापला. त्यांना चालवता येईल?

बहुधा हो, पण आधी हृदय, नजर आणि दुसरा पाय तपासून घ्या. दुसरा पाय सगळ्यात महत्त्वाचा: आता सगळा भार त्याच्यावर आहे आणि मधुमेहाने त्याचीही संवेदना गेलेली असू शकते. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून बघा, बोटांच्या बेचक्यांतही. त्यांना दुखणार नाही, म्हणून तुम्ही बघायचं.

उद्दिष्ट छोटं ठेवा. पलंगावरून उठून मोरीपर्यंत आणि अंगणातल्या खुर्चीपर्यंत वॉकरने जाता आलं तरी घरचं चित्र बदलतं. काही जणांना पाय झेपत नाही आणि चाकाची खुर्चीच बरी पडते. खुर्ची घेतली म्हणजे हरलो असं बाबांना वाटू देऊ नका.

मुलीला जन्मतःच डावा पंजा नाही. हात कधी बसवायचा?

मूल बसायला लागतं त्या सुमारास, सहा महिन्यांच्या आसपास, साधा न हलणारा हात देतात. म्हणजे दोन्ही हात सारख्या लांबीचे असण्याची सवय लागते. पुढे ती जे वापरेल ते वापरू द्या. अशी मुलं एका हाताने आणि दातांनी इतक्या हुशारीने कामं करतात की कृत्रिम हात त्यांना अडचण वाटतो. तिने तो भिरकावला तर रागावू नका. आणि पाहुण्यांसमोर बाही ओढून झाकू नका, ते तिला सगळं कळतं.

मोफत किंवा कमी खर्चात कुठे?

पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे. ते मुळात सैनिकांसाठी, पण नागरिकांनाही तिथे पाय मिळतो. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करते. पुण्यात साधू वासवानी मिशनची मोफत शिबिरं होतात. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीचं साहित्य केंद्राच्या ॲडिप योजनेतून मिळतं, त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. या योजनांसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व किती टक्के लिहिलंय त्यात ४० टक्के ही रेघ महत्त्वाची. दवाखान्यातून सुटतानाच कागद जमवायला लागा, नंतर फार फेऱ्या होतात.

हिशेब करताना पायाची किंमत एकदाच धरू नका. लायनर वर्षभरात झिजतो, सॉकेट काही वर्षांनी बदलतं, पूर्ण पाय साधारण तीन ते पाच वर्षांनी.

अपघाताच्या नुकसानभरपाईत पायाचा खर्च मागता येतो?

येतो, आणि फक्त पहिल्या पायाचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात कृत्रिम पाय, तो पुन्हा बदलण्याचा खर्च आणि देखभाल, सगळं धरलं आहे. वकिलाला सांगा आणि प्रोस्थेटिस्टकडून पुढच्या वर्षांचा लेखी अंदाज घ्या. लोकलमधून पडून पाय गेला असेल तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली दावा होतो. तिकीट किंवा पास जपून ठेवा. रूळ ओलांडताना झालेल्या अपघाताला ते कलम लागत नाही.

पाय बनवायला जाताना सोबत काय न्यायचं?

आखूड चड्डी किंवा सैल परकर, सुती मोजे, आणि रोजच्या वापरातली चप्पल किंवा बूट. चप्पल सगळे विसरतात. पाय टाचेच्या उंचीनुसार जुळवतात. बुटावर जुळवलेला पाय सपाट चपलेत घातला की शरीर मागे रेलतं आणि गुडघ्याला झटका बसतो. देवळात चप्पल काढली की तेच होतं. तुम्ही घरात अनवाणी असता की स्लीपर घालून, हेही सांगा, आणि मापाच्या दिवशी दोन्ही करून दाखवा.